मलमाचं आणि गोळीचं भांडण

...नाही, पण मी काय म्हणतो, मलम मानेला लावलं तर त्यानं मानेपुरतं बघावं ना? पोटात शिरून गोळीशी भांडायचं त्याला काय कारण? तुम्हाला सांगतो, आठवडाभर माझ्या पोटात नुसती आग! आणि आमची शालिनी काय म्हणते, "अहो, डॉक्टरांचं नीट ऐकलं होतंत ना? हिंदीत बोलत होते ते." घ्या! म्हणजे बायकोला शंका कशाची, तर नवऱ्याच्या हिंदीची! अहो, शाळेत राष्ट्रभाषेच्या सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात पास झालोय मी... हिंदीचं मला नका सांगू!

आता मुळापासून ऐका. पुण्यात चांगला सुखात होतो. आमच्या कंपनीनं जपान्यांशी हातमिळवणी केली, मानेसरला कारखाना टाकला आणि मला उचलून आणलं गुडगावात. नवी सोसायटी, चकचकीत लॉबी, लिफ्टसुद्धा आहे... फक्त ती चालू व्हायचीय! मग कूलर चौथ्या मजल्यावर कोणी चढवला? मीच! कंबर धरली. त्यात जपानी साहेबांचा हुकूम, सगळ्यांनी टाय घालायचा. इथल्या जून महिन्यात, टाय! मानेला हे एवढं लालभडक पुरळ, आणि खाज तर विचारू नका. मीटिंगमध्ये मी सारखी मान खाजवतोय, आणि साहेबांना वाटतंय मी त्यांना नमस्कार करतोय, तेही आपले सारखे वाकताहेत!

म्हणून गेलो सेक्टरमधल्या डॉक्टर भाटियांकडे. आता हे भाटिया म्हणजे कोणी परके नाहीत हं. त्यांचा नीरज आणि आमची लेक पूर्वी, दोघं एकाच ऑफिसात, दोघांना लग्न करायचंय, आणि मी होकार द्यायला पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जायचं ठरलेलं. म्हटलं, चला, औषधही होईल आणि व्याही पारखूनही होईल. त्यांनी कंबरेसाठी गोळी दिली, मानेसाठी स्टिरॉइडचं मलम दिलं. मलम कसं, तर "पतला लगाना, सिर्फ गर्दन पर." आणि गोळीचं काय सांगितलं, तर पालथं पडून घ्यायची नाही. मला पटलं! पालथ्या माणसाच्या पोटात गोळी उतरणार कशी?

आता कंबर अशी, की घरी आलो की मी पालथाच. झोपायचोही पालथाच. पण नियम म्हणजे नियम! सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, एकीकडून शालिनी, दुसरीकडून पूर्वी, मी "आई गं, मेलो" करत ताठ बसायचो, गोळी घ्यायचो आणि तस्साच धावत कंपनीची बस पकडायचो. इतकं पथ्य कोण पाळतं हो? आणि तरी पोटात आग! जेवण जाईना, पाणी प्यायलं तरी मुरडा!

तेवढ्यात भेटला हेरंब. आमच्या खाली राहतो, कॉम्प्युटरवाला, घरी इंटरनेट आहे त्याच्या. म्हणाला, "काका, मी वाचलंय ना यार, स्टिरॉइड आणि पेनकिलर एकत्र म्हणजे पोटाला डायरेक्ट भोक!" सापडला ना चोर! तडक मलम बंद केलं. झालं काय, खाज दुप्पट वाढली आणि आग होती तिथंच! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ज्या माणसाला दोन औषधांचं आपसात जुळवता येत नाही, त्याच्या घरात मी मुलगी देऊ? मोडलं लग्न! पूर्वी रडायला लागली. "बाबा, प्लीज, एकदा त्यांना विचारा तरी!" तुम्हाला सांगतो, पोरीचं रडणं मला बघवत नाही, पोटातल्या आगीपेक्षा वाईट ते. म्हटलं, विचारतो. हिंदीतच विचारतो. हिंदीचं मला नका सांगू!

रविवारी गेलो. चहा यायच्या आत सुरू केलं, "डॉक्टरसाब, आपके मलम और आपकी गोली का जमता नहीं, तो हमारा आपका कैसे जमेगा?" पूर्वीनं डोळेच मिटले. भाटिया मात्र थंड. म्हणाले, "पद्माकरजी, स्टिरॉइड की गोली खाते, तो मैं भी डरता. ये तो मलम है, गर्दन पर जरा सा. महीनों पूरे बदन पर थोपते, तब बात और थी. आप ये बताइए, गोली खाली पेट तो नहीं ली?"

मी छाती काढून म्हणालो, "बिल्कुल नहीं! एक दिन भी नहीं! हमेशा पेट ऊपर करके ली!"

भाटिया म्हणाले, "पेट... ऊपर?" आता यांना कळेना म्हटल्यावर मी सोफ्यावर पालथा पडून दाखवलं, "ये देखो, पेट खाली!" मग कण्हत कण्हत उठलो, "और ये ऊपर!" तशी पूर्वी ओरडली, "बाबाऽऽ! खाली म्हणजे रिकामं! उपाशीपोटी घेऊ नका म्हणाले होते ते!"

आता मला सांगा, रिकाम्याला आमच्या पुस्तकात 'रिक्त' होतं. डॉक्टरांनी शुद्ध हिंदी बोलायला काय हरकत होती? तर शालिनी म्हणते कशी, "पुण्यात मालकानं घर खाली करायला सांगितलं, तेव्हा बरं कळलं होतं!" अगं, ते मराठी होतं!

भाटियांनी गोळी बंद केली, पोटाचं औषध दिलं, मलम पुन्हा सुरू केलं आणि म्हणाले, "अब रिश्ता पक्का समझें?" हो म्हटलं. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? पूर्वी हसतेय आणि रडतेय, दोन्ही एकदम... बरं वाटलं हो, खरंच बरं वाटलं.

निघताना विहीणबाई मिठाईचा डबा घेऊन आल्या. "भाईसाब, शगुन का दिन है, खाली हाथ मत जाइए!" आणि झालं, भाटिया, नीरज, शालिनी, सगळे माझ्याकडे टक लावून. पूर्वीनं तर ओढणीच तोंडात कोंबलेली. मला अर्थ कळला नव्हता असं नाही हं, हिंदीचं मला नका सांगू! पण पडली मुलीकडची बाजू, काय करणार... दोन्ही हात वर केले.