जावयाच्या जोड्याच्या टाचा

दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. समोरच्या बाकावर दोघी बहिणी. थोरलीचा नवरा चामड्याचे जोडे हाताने शिवतो, हे पाच मिनिटांत सगळ्या खोलीला कळलं होतं.

"ताई, लेकीचा पहिला नवरा अजून येतो म्हणे दुकानात?"

"येतो की. लग्नात ह्यांनी शिवून दिलेले जोडे घालूनच येतो."

"अजून टिकलेत?"

"मेणाचा दोरा, दुहेरी शिलाई! लग्न उसवलं, जोड्याचा टाका नाही निघाला. परवा नुसता तळ बदलून नेला."

"आणि भावजींनी दिला बदलून?"

"त्याच्याशी चकार शब्द बोलले नाहीत. काम मात्र निगुतीने केलं. म्हणतात, जोड्याचा काय दोष?"

"जावई त्यांनीच पसंत केला होता ना?"

"टाचा बघून! बघायला आला तेव्हा दारातले त्याचे जोडे उलटे करून पाहिले. दोन्ही टाचा सारख्या झिजलेल्या. म्हणाले, माणूस सरळ आहे."

"कसला सरळ!"

"चालायला होता गं."

"आता दुसरा तिने स्वतःच शोधलाय ना?"

"रविवारी घेऊन आली. हे चष्मा पुसून दारात तयार."

"मग? टाचा कशा निघाल्या?"

"कुठल्या टाचा? पोरीने त्याला जोडे कोपऱ्यावर गाडीतच काढायला लावले. अनवाणी आणला घरात."

"अगंबाई! मग भावजींनी काय केलं?"

"करतात काय? जन्मात पहिल्यांदा पाहुण्याच्या तोंडाकडे बघत बसले."