शामशीच्या मागचे दिवे

नारिनच्या बाजारात, रोटीच्या रांगेत, माझ्यापुढे दोन मेंढपाळ बोलत होते.

"जिर्गल, शेजारच्या शामशीने मोटरसायकलला मागे एलईडी लावलेत. ब्रेकचा दिवा पार डोंगरापलीकडून दिसतो."

"दिसेना का! तुझ्या पोटात का दुखतंय, असान?"

"अरे, संध्याकाळी माझी मेंढरं त्या दिव्यामागून त्याच्याच वाडग्यात शिरतात!"

"मग तूही लाव की."

"लावले ना! पण दिव्यांची उघडझाप करणारा फ्लॅशर जुन्या बल्बांचाच राहिला. इंडिकेटर असे भराभर लुकलुकतात, की मेंढरं पळून पळून वाळली."

"पण आली ना तुझ्या मागे?"

"आली. बायकोचा घोडा मात्र शामशीच्या दिव्यामागे वळला."

"जनावरच ते. त्याला काय कळतं?"

"लगाम तिच्या हातात होता, जिर्गल."