रोमन चार

आसेगावहून वाशीमला निघालेल्या बसमध्ये संगीताच्या पुढच्या सीटवर एक नवं जोडपं कॉम्प्युटरच्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करत होतं. तिने तोंड खिडकीकडे केलं, कान मात्र पुढे ठेवले.

“उज्ज्वला, रोमन आकडा देला का प्रोग्रामनं साधा आकडा सांगाले पायजे. तुहा प्रोग्राम चारचे सहा काहून करून राह्यला?”

“आय म्हंजे एक, व्ही म्हंजे पाच. त्यानं बेरीज केली.”

“लहान अक्षर मोठ्याच्या आंधी आलं तं वजा करा लागते. मांगून आलं तरच बेरीज.”

“पाचातून एक गेला, चार. समजलं. पण अवो, तुमीबी चार सांगसान अन् मीबी. जागा तं एकच हाय.”

“मंग मी सहा सांगतो.”

उज्ज्वलाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. संगीता खिडकीबाहेर बघायचं विसरली.

“तसं केलं तं मी आतच जात नाही. दोघंबी खरं सांगू. ज्याले लागन त्याले लागन.”

“अन् ज्याले नाही लागली?”

“तो सकाळी दुसऱ्याचा डबा भरन.”

“मले तं पोयाबी येत नाहीत.”

“वाशीम याले अजून येळ हाय. आयका, आंधी कणीक भिजवाची.”