रिकामे शिपाई

हाडांच्या डॉक्टरांकडे गवंडी मोडका हात गळ्यात बांधून नंबराची वाट पाहत होता. समोर दोघी बहिणी कुजबुजत होत्या, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

"ताई, डॉक्टर काय म्हणाले?"

"रोगाशी लढणारे आपल्या अंगातले शिपाई असतात ना, ते बिथरले की हाडं झिजवणाऱ्या पेशींना चिथावणी देऊन आपलीच हाडं पोखरायला लावतात."

"घरचेच भेदी की."

"काम नाही गं त्यांना. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी."

"म्हणून तर इंजेक्शन देतायत, ती चिथावणी थांबवायला."

"त्यापेक्षा कामाला लावायचं. शेजारच्या काकूंना ताप आलाय, परवा मी मुद्दाम तासभर त्यांच्या उशाशी बसले."

"आणि सर्दी झाली असती म्हणजे? मागच्या वेळी शिंकेनं बरगडी मोडली तुझी."

"खोकल्यानं मोडली."

"सुईची भीती वाटते म्हण की सरळ."

"भीती कसली? शिपायांना एक संधी द्यावी म्हटलं."

तेवढ्यात गवंडी शिंकला. ताई लगबगीनं उठल्या.

"भाऊ, तुमच्या शेजारी कुणी बसलंय का?"

"बसलंय," गवंडी म्हणाला आणि धड हातानं आपली पिशवी उचलून त्या खुर्चीवर ठेवली.