सासरचा खोकला

खोकल्यावरून घर फुटलेलं पाहिलंय का कुणी? आमचं फुटलं. सून घरात सारखी खोकायची आणि लासूरला माहेरी गेली, की चार दिवसांत बरी व्हायची.

"खोकल्यालासुद्धा सासर-माहेर कळतं हो!" आमची ही म्हणायची आणि मी चहा पीत हसायचो.

शेवटी मुलगा बायकोला घेऊन वेगळा राहू लागला. त्यांच्या रिकाम्या खोलीत हिनं स्वतःची बदली करून घेतली आणि पावसाळ्यात हीच खोकू लागली. कपाट सरकवलं, तर मागची भिंत बुरशीनं काळी. डॉक्टर म्हणाले, "बुरशीचीच ॲलर्जी. भिंत दुरुस्त होईपर्यंत दुसरीकडे राहा."

दुसरीकडे म्हणजे सुनेकडेच. तिथं खोकला थांबला.

चहा देताना सुनेनं विचारलं, "आई, बऱ्या झालात व्हय? इतक्या लवकर?"

हिनं मान खाली घातली. या वेळी चहा पिताना मला हसू आलं नाही.