त्या दुपारी बाबांच्या खिशातला फोन

हॅलो? … हां बाबा, बोला. … जेवले, कधीच. तुम्ही? … म्हणजे डबा अजून तसाच. आईला सांगू का?

… हो, आला होता प्लंबर. … नाही हो, आधी ओटा, मग नळ. तुमच्या तक्त्याप्रमाणेच. एका नळासाठी तक्ता कोण काढतं बाबा? … बरं, बरं, चुकलं. माझ्या लग्नातही तुमच्या पट्ट्या लावल्या होत्या भिंतीवर. हॉल लाल, आचारी लाल, नवरा हिरवा. लाल म्हणजे उशीर चालणार नाही, हिरवा म्हणजे नवरा उशिरा आला तरी चालेल! … हसताय काय? अजून ऐकवतो तो मला.

… थांबा, मागे कसला आवाज येतोय? … लोखंड आपटल्यासारखा. … टेकू? स्लॅबखालचे टेकू काढतायत? पण रविवारी तर म्हणालात, स्लॅब कच्चा आहे, इतक्यात हात लावायचा नाही.

… कोणी, साहेबांनी? … उद्घाटन अलीकडे आलं म्हणून तक्त्यातली टेकू काढायची पट्टीही अलीकडे ओढली? तुम्हाला न विचारता? … आणि साइटवाल्यांनी तो तक्ता बघून काम सुरू केलं. … कळतंय हो. खाली नाव तुमचं, प्लॅनिंग इंजिनिअरचं. त्यांना वाटलं, तुम्हीच सांगितलंय.

… अहो, पण पट्टी ओढली म्हणून काँक्रीट लवकर घट्ट होतं का? … माझ्यावर कशाला ओरडताय? तुमचंच वाक्य आहे ते.

… उचलत नाहीत साहेब? मग सेफ्टीवाल्याला लावा. … जेवायला गेलाय. वा.

… तुम्ही कुठून बोलताय? … ऑफिसात असा घुमतो का आवाज? खरं सांगा. … जिन्यापाशी म्हणजे स्लॅबच्या खाली की बाहेर? … बाहेर. नक्की?

… टेकूवाले थांबले ना? मग झालं. … काय नाही झालं? … वायरमन? … दोघं आत, आणि कटर चालू, म्हणून हाक ऐकू जात नाहीये. … मग लाइट बंद करा बाहेरून. … स्विचही आतच?

… नाही बाबा. अजिबात नाही. तुमचं काम टेबलाशी. दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. … कोणाला म्हणजे… मला काय माहीत कोणाला. … हो. त्यांच्याही घरी कोणीतरी असेल. … हो, तुमच्या नावावर गेलेत ते आत. मान्य आहे. … हेल्मेट आहे ना डोक्यावर? … अहो ऐका ना, फोन ठेवू नका. खिशात टाका, पण चालू राहू द्या. … एवढं करा माझं.

… हां.

… हां, ओरडा. अजून मोठ्यानं. … ऐकलं त्यानं? … 'पळ बाहेर' म्हणालात, ऐकू आलं मला. गेला ना तो? … मग तुम्हीही निघा. … दुसरा कुठे आहे? … बाबा, वरून माती पडतेय असं कोणाला म्हणालात? … शिडी कसली बाहेर आणताय? सोडा हो ती, राहू दे तिथेच!

… केवढा आवाज हा! … कटरही बंद झाला.

… बाबा?

… सेकंद तर पळतायत स्क्रीनवर. चालू आहे फोन तुमचा. … काहीतरी बोला. नुसतं खाकरा तरी.

… बरं. तुम्ही कामात असाल. मीच बोलते. … तुम्ही साइटवर गेलात की मला भीती वाटते, बाबा. शाळेत होते तेव्हापासून. संध्याकाळी फाटकाची कडी वाजेपर्यंत मी पुस्तकाचं एकच पान धरून बसायचे. तुम्ही आईला कौतुकानं सांगायचात, पोरगी किती वाचते बघ.

… वाचत नव्हते मी. तुमची वाट बघत होते.