चायनीज हॉटेलातलं स्थळ

हसू नका, माझं जमत आलेलं लग्न उस्मानपुऱ्यातल्या नवीनच निघालेल्या चायनीज हॉटेलात मोडायला आलं होतं. कंपनीत लागलो होतो. पिशोरहून मला बघायला आलेल्या भावी सासऱ्यांना रुबाब दाखवायला तिथं नेलं.

सूप आलं, नूडल्स आल्या. त्यांनी पिशवीतून बाजरीची भाकरी काढली अन् अर्धी सुपात चुरली. तेवढ्यात आचारी बाहेर आला. म्हटलं, आता हाकलतोय!

तो म्हणाला, “मामा, मी लासूर स्टेशनचा. चतकोर भाकरी द्या. नूडल्स खाऊन लई कंटाळलो.”

सासऱ्यांनी त्याला शेजारी बसवलं, उरलेली अर्धी भाकरी दिली. त्यानं ती त्याच सुपात झकास चुरली. मी अजून दोन काड्यांनी नूडल्सच्या मागं लागलेलो. सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं वळून विचारलं,

“पाव्हणं, लग्न झालंय का तुमचं?”